हन्नाबाईच्या पाटल्या

फार वर्षांपूर्वी, प्रवरेकाठच्या आंबेखळ गावात ख्रिस्ती देवळाला घंटाही नव्हती तेव्हाची ही हकिकत. तिथं हन्नाबाई नावाची हाडं बसवणारी बाई होती. निखळलेला सांधा ती डोळे मिटून चाचपायची, येशूचं नाव घ्यायची, आणि हाड आपल्या जागी जायचं. तिच्या बोटांना कातडीखालचं दिसतं, असं म्हणत. ती कुणाकडून काही घेत नसे. प्रभूनं हे हात देताना माझ्याकडून काय घेतलं, एवढंच विचारी.

मग एका जमीनदाराची मांडी मोडली. तो पुन्हा चालू लागला आणि त्यानं तिच्या हातात सोन्याची पाटली चढवली. हन्नाबाई नको म्हणाली, पण पाटली काढली नाही.

त्यानंतर गरीब माणूस तिच्या दारात कण्हत बसे आणि ती बैलगाडीतून दूरच्या श्रीमंताकडे निघून जाई. दुसरी पाटली आली, तिसरी आली. हात कोपरापर्यंत भरले. असं म्हणतात, की दर पाटलीमागे तिचं एकेक बोट मुकं होत गेलं.

आधी करंगळी गेली. सुई टोचली, रक्त आलं, दुखलं नाही. एकदा चुलीपाशी काही जळल्याचा वास आला. बघते तर तिचाच तळहात तापल्या तव्यावर टेकलेला. ती घाबरली. पाटल्या ओढू लागली, तर त्या मांसात रुतलेल्या. त्या रोज थोड्या आवळत गेल्या. पण तिनं कुणाला सांगितलं नाही. हात गेले हे कळलं तर सोनं यायचं थांबेल, ही भीती पहिल्या भीतीहून मोठी होती. ती अंदाजानं हाडं बसवत राहिली. गेणू लोहाराचं मनगट तिनं तसंच बसवलं, ते कायमचं वाकडं राहिलं.

आणि एके दिवशी तिच्या लेकीवर, लिदियावर, गोठ्याची भिंत कोसळली. गळ्याखालचं हाड आत सरकलं. श्वास अडकला, ओठ निळे पडले. हन्नाबाईनं हात ठेवला. तिला काहीच कळेना. एक दाब चुकला असता तर पोर गेली असती.

ती धावत गेणूकडे गेली आणि दोन्ही हात ऐरणीवर ठेवले.

"पाटल्या काप," ती म्हणाली.

गेणूनं आपलं मनगट दाखवलं. "माय, या हातात छिन्नी सरळ राहत नाही. तुझा हात तुटंल."

"तुझा हात मीच वाकडा केला, गेणू. माझा तुटला तर तुटू दे. तिकडं लेकीचा जीव चाललाय."

हातोडा पडला. छिन्नी घसरली, कातडी फाटली, ऐरण रक्तानं भिजली. प्रत्येक घावाला ती प्रभूची दया मागत राहिली. शेवटची पाटली तुटली तेव्हा उजव्या हाताच्या एका बोटात आगीसारखी कळ उठली. त्या कळेसाठी ती रडली म्हणतात. मग तशीच धावली, आणि त्या एका बोटानं हाड शोधलं. लिदियानं श्वास घेतला.

बाकीची नऊ बोटं पुन्हा कधी जागी झाली नाहीत. सोनं तिनं गेणूकडेच सोडलं. ज्यांची हाडं वाकडी बसवली होती त्यांच्या दारी ती एकेक करून गेली. कुणी क्षमा केली, कुणी दार लावून घेतलं.

आजही आंबेखळात आजाऱ्याला भेटायला जाताना बाया अंगावरचं सोनं घरी उतरवून ठेवतात. हाडं बसवणारा माणूस आधी एकच बोट टेकतो आणि हन्नाबाईचं नाव घेतो. बोटाला काही कळलं नाही, तर तो हात मागे घेतो आणि तसं सांगून टाकतो.