हाल्वर आणि सहा मैल चाललेली विहीर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या मधोमध गवताचा एक मुलूख आहे. तिथे डोंगर नाही, झाड नाही, नुसतं गवत आणि गवतावरून जाणारा वारा. त्या मुलखात प्लेंटी नावाचं गाव होतं. प्लेंटी म्हणजे आपल्या बोलीत रेलचेल. कसली रेलचेल ते नाव ठेवणाऱ्यांनाच ठाऊक. वारा मात्र भरपूर होता.

गावाला विहीर एकच, आणि ती खणली होती हाल्वरनं. हा हाल्वर नॉर्वे नावाच्या थंड देशातून बोटीत बसून आलेला. अंगानं एवढा, की तो आत उतरला की विहीर अर्धी भरल्यासारखी दिसायची, असं म्हणतात. त्याची बायको सिग्नी वर रहाटापाशी असायची. तो खाली खणायचा, ती माती वर ओढायची. खोल गेल्यावर हाक काही वर पोचत नाही, म्हणून दोघांची एक खूण ठरलेली होती. सिग्नी वरून पहारीनं जमिनीवर तीन ठोके द्यायची. त्याचा अर्थ, आहेस ना? हाल्वर खालून टिकावानं तीन ठोके परत द्यायचा. त्याचा अर्थ, आहे. एवढ्या दोन बोलण्यांवर त्यांचा संसार चालला होता.

तिकडच्या विहीर खणणाऱ्यांची एक रीत होती, असं म्हणतात. पाण्याची पहिली बादली वर आली की खणणाऱ्यानं ती हातात धरून गावाला शब्द द्यायचा. हाल्वरनं बादली धरली आणि म्हणाला, "तुमच्या चुली पेटताहेत तोवर ही विहीर तुमची." माणसं पाणी प्यायली आणि शब्द विसरली.

पुढे काय झालं, आगगाडीचे रूळ आले. पण ते गावातून नाही गेले, सहा मैल बाजूनं गेले. सहा मैल म्हणजे आपले तीन कोस. गावात एबनर टकर नावाचा दुकानदार होता, त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "रूळ आपल्याकडे येत नाहीत तर आपण रुळांकडे जाऊ." आणि ऐका, ती माणसं सबंध गाव उचलून निघाली. लाकडाची घरं होती. खाली ओंडके घातले, पुढे चाळीस चाळीस बैल जुंपले आणि घरं गवतावरून चालू लागली. एका घरात बाई पाव भाजत होती, तिनं चूलसुद्धा विझवली नाही. घर चाललंय आणि धुराड्यातून धूर निघतोय. चर्च निघालं तेव्हा त्याची घंटा आपोआप वाजत होती. वाटेत कोल्हे गवतात बसून बघत राहिले आणि त्यांना ओरडायची शुद्ध राहिली नाही, असं म्हणतात.

मागे राहिले हाल्वर आणि सिग्नी. त्यांचं घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं होतं. मातीचं घर ओंडक्यांवर चढत नाही.

निघताना हाल्वरनं विचारलं, "टकरसाहेब, विहिरीचं काय?"

टकर म्हणाला, "तिला पाय असते तर नेली असती. तिथे दुसरी खणू. जमीन काय, सगळीकडे जमीनच."

लोक हसले. हाल्वर हसला नाही. त्याला ते थट्टेतलं बोलणं वाटलंच नाही, असं म्हणतात.

आता नव्या जागी पाणी लागेना. एक खड्डा खणला, कोरडा. दुसरा खणला, कोरडा. तिसरा टकरच्या दुकानामागच्या अंगणात खणला, तिथे खाली सलग काळा खडक लागला, पहारी वाकल्या आणि काम सोडावं लागलं. असे नऊ खड्डे झाले. नववा एवढा खोल गेला की न्याहारीच्या वेळी आत टाकलेला दगड जेवणाच्या वेळी वाजला, आणि वाजला तोही धुळीत. जुन्या विहिरीवरून पिंपं भरून आणायची तर अर्धं पाणी वाटेत सांडायचं. तिकडे डोक्यावर पाणी शिंपडून बाळाचं नाव ठेवतात, पण एक बाळ जन्मलं तेव्हा चर्चच्या पाद्रीबाबांनी त्याला स्वतःच्या कपाळावरच्या घामानं नाव ठेवलं, असं म्हणतात. तोवर लोक हसत होते. मग गुरं पडू लागली आणि हसणं बंद झालं. आणखी दोन महिने असं चाललं असतं तर गाव उठलं असतं, आणि जायला कुठे जागा नव्हती.

टकर टोपी हातात घेऊन हाल्वरकडे गेला. "तू ये. तुझा हात लागला की पाणी लागतं."

हाल्वर आला. नव्या गावाच्या चौकात जमिनीला कान लावून तो बराच वेळ पडून राहिला. मग उठून कपडे झटकत म्हणाला, "इथे पाणी नाही. कधी नव्हतंच."

"मग आता?"

"आहे तिथून आणावं लागेल."

"पिंपांनी आणतोच आहोत की."

"पिंपांनी नाही," हाल्वर म्हणाला. "विहीरच आणावी लागेल. मी शब्द गावाला दिला होता, जागेला नव्हता दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जुन्या विहिरीत उतरला. बरोबर एक टिकाव, आणि सिग्नीनं भाजलेल्या पातळ कडक भाकरींची एक पिशवी. तळाशी गेला आणि खाली खणायचं सोडून आडवा खणू लागला, नव्या गावाच्या दिशेनं. थोडा पुढे गेला तसं विहिरीचं पाणी त्याच्या मागोमाग त्या वाटेत शिरलं. आता नीट ध्यानात घ्या. पाणी मागे लागलं म्हणजे परत फिरायची वाट बुडाली. पुढे माती, मागे पाणी, मध्ये हाल्वर आणि त्याच्यापुरती हवा. आता नव्या गावातच वर निघायचं, नाहीतर निघायचं नाही.

आणि त्याला दिशा कोण दाखवणार? सिग्नी. ती वरून गवतातून चालायची. दहा पावलं चालायची, पहारीनं तीन ठोके द्यायची आणि थांबायची. पायाखालून तीन ठोके यायचे. मग पुढची दहा पावलं. खणलेली माती पाणी मागे लोटायचं आणि जुनी विहीर ती वर ओकायची. त्या सपाट मुलखात एक टेकडी उभी राहिली. लोक सकाळी उठून बघायचे तर टेकडी कालच्यापेक्षा उंच. गाव हबकून गेलं. पाद्रीबाबा स्वतः गेले, गवतात आडवे झाले, कान लावला आणि उठले ते पांढरेफटक होऊन. म्हणाले, "विहीर चालत येतेय."

असे तीस दिवस झाले. सिग्नीच्या बुटांचे तळ गेले, ती अनवाणी चालली. नवं गाव आता डोळ्यांना दिसत होतं. आणि त्याच दिवशी तिला वाटलं की ठोका पायाखालून आला नाही, जरा डावीकडून आला. तिला वाटलं, तो थकला असेल. ती दोन पावलं डावीकडे सरकली. दुसऱ्या दिवशी ठोका आणखी डावीकडून आला. तिनं ठोके दिले तर उत्तर येतच नव्हतं. खालून ठोके येत होते, पण ते दुसऱ्याच कुणाला तरी दिले जात होते.

सिग्नी पहार खांद्यावर घेऊन आवाजाच्या मागानं चालत गेली. भर दुपारी ती टकरच्या अंगणाच्या कुंपणाशी येऊन थांबली. आत टकर शर्टाच्या बाह्या वर करून बसला होता. त्याच्यापुढे जमिनीत रुळाचा एक तुकडा उभा ठोकलेला होता आणि तो त्यावर हातोडा घालत होता. एक, दोन, तीन. मग थांबायचा आणि कान द्यायचा.

सिग्नीनं विचारलं, "टकरसाहेब, हे काय चाललंय?"

टकर जरा ओशाळला. "विहीर चौकात आली काय नि दुकानाशी आली काय, पाणी एकच ना, बाई? इथे सावली आहे. बायकांना उभं राहायला बरं."

"तुम्ही या अंगणात खड्डा खणला होता. खाली काय लागलं?"

एव्हाना माणसं जमली होती. खाली काय लागलं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "खडक."

तेव्हा कुठे ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे काळा खडक, मागे पाणी, आणि हा माणूस हाताला धरून नेल्यासारखा त्या खडकाकडे नेला जात होता. एका बाईनं तोंडावर हात धरला तो खाली घेतलाच नाही. टकरच्या हातातून हातोडा गळून पडला. तो म्हणाला, "मला वाटलं पाणी येतंय. पाण्याबरोबर माणूस येतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिथे कुणी त्याला शिवी दिली नाही. कारण खरं सांगायचं तर ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पोरंबाळं खुशाल मोजत होती, पाणी आज किती पुढे आलं.

सिग्नीनं तिथेच पहार आपटली, तीन वेळा. उत्तर नाही. परत आपटली. उत्तर नाही. मग सबंध गाव गप्प झालं. गाईंच्या गळ्यातल्या घंटांमध्ये चिंध्या कोंबल्या. चर्चच्या घंटेची जीभ बांधली. स्टेशनात गाडी आली होती, तिच्या ड्रायव्हरनं इंजिन थंड केलं आणि तो टोपी काढून रुळांत उभा राहिला. वारासुद्धा त्या दिवशी पडला, आणि त्या मुलखात वारा पडलेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता, असं म्हणतात. दुपार कलली तरी सगळे तसेच उभे. सिग्नी जमिनीला कान लावून पडलेली.

मग आला. एकच ठोका, फार बारीक, नखानं दार वाजवावं तसा. बराच वेळ गेला आणि दुसरा आला. आणखी वेळानं तिसरा.

सिग्नी उठली. सगळ्यांना वाटलं, ती आता पहार टकरच्या डोक्यात घालते. तिनं हातोडा उचलून टकरच्या हातात दिला. "उठा. आता तुमचा ठोका त्याच्या कानात बसलाय, माझा नाही. मी उभी राहीन तिथे वाजवा."

"माझे हात थरथरताहेत, बाई."

"थरथरू देत. थांबले नाहीत म्हणजे झालं."

मग सिग्नी पुढे आणि टकर मागे. त्यानं रुळाचा तुकडा उपटून घेतला. ती उभी राहील तिथे तो रोवायचा आणि वाजवायचा. खडकाच्या कडेकडेनं, दुकानाला वळसा घालून, चौकाच्या दिशेनं. तीन दिवस हा माणूस बसला नाही. हाताची साल निघाली, हातोड्याचा दांडा लाल झाला. बायका त्याला चालता चालता भरवायच्या. खालचा ठोका कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि आला नाही की सबंध गाव श्वास रोखून उभं राहायचं, जणू आपली हवा खाली पोचेल.

तिसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर असताना सिग्नी चौकाच्या मधोमध थांबली. टकरनं वाजवलं. आणि बघता बघता त्याच्या पायाखालची धूळ काळी पडली. धुळीतून लोखंडाचं एक टोक वर आलं, टिकावाचं. मग मातीला भोक पडलं आणि पाणी उसळलं. गुडघाभर, मग कमरेएवढं. गुरं दावी तोडून धावली. माणसं मात्र जागच्या जागी खिळली होती, कारण पाणी आलं होतं आणि माणूस आला नव्हता.

टकर खांद्यापर्यंत हात घालून चिखलात आडवा झाला. हाताला काही लागलं ते त्यानं जीव खाऊन ओढलं. टिकाव वर आला. दांडा झिजून वीतभर उरलेला, आणि थंड पाण्यातून काढूनही तो चुलीतल्या लाकडासारखा गरम होता, असं म्हणतात. त्याच्यामागे काही नव्हतं. टकर तिथेच रडत बसला.

सिग्नी रडली नाही. तिनं हात वर केला, गप्प राहा म्हणून. आणि सगळ्यांनी ऐकलं. खाली, पाण्याच्याही खाली, ठोके. एक, दोन, तीन. नीट, पहिल्यासारखे भरदार. पण ते चौकाखालून येत नव्हते. चौक ओलांडून ते पश्चिमेकडे निघाले होते. टिकाव नव्हता, म्हणजे आता तो हातानंच खणत होता.

पाद्रीबाबांनी विचारलं, "तो वर का येत नाही?"

सिग्नी म्हणाली, "पुढे आणखी कोरडी गावं आहेत."

तिनं पहार खांद्यावर टाकली. कुणीतरी तिला बूट दिले, ते तिनं घातले. दहा पावलं चालली, तीन ठोके दिले, थांबली, ऐकलं, आणि पुढची दहा पावलं गेली. ती गवतात दिसेनाशी होईपर्यंत लोक उभे होते. त्या उन्हाळ्यानंतर पश्चिमेच्या गावांत कोरड्या विहिरींना एकामागून एक पाणी लागत गेलं. आणि प्रत्येक गावात सांगतात, आदल्या दिवशी एक बाई पहार घेऊन इथून गेली होती.

ती विहीर प्लेंटीच्या चौकात आहे. दरवर्षी, पाणी आलं त्या दिवशी, सूर्य डोक्यावर आला की गाव गप्प होतं. दुकानं थांबतात, गाड्या शिटी देत नाहीत, आया तान्ह्यांना छातीशी धरतात. ज्याच्या हातात जे लोखंड असेल, किल्ली, चमचा, घोड्याची नाल, ते घेऊन माणसं विहिरीच्या काठाशी येतात आणि सगळी मिळून तीन ठोके देतात. पहिला ठोका टकरच्या घरातलं थोरलं माणूस देतं, जुन्या हातोड्यानं. पाणी मात्र ते सगळ्यांच्या शेवटी पितं. ती त्या घराची रीत आहे, कुणी लादलेली नाही.

ठोके दिल्यावर सगळे थांबतात. खालून उत्तर आल्याशिवाय पाण्याला कुणी ओठ लावायचा नाही, असा तिथला नेम आहे. कधी लगेच येतं म्हणतात, कधी दिवस कलतो. ते कसं ऐकू येतं हे मला विचारू नका, मी तिथे उभा राहिलेलो नाही. पण त्या दिवशी तहानलेलं असं त्या गावात आजवर कुणी घरी गेलेलं नाही.