रांगेतले शेवटचे घर

फार पूर्वी दक्षिणेच्या समुद्रात एक बेट होते. नारळी, केवडा, पांढरी वाळू आणि किनाऱ्यालगत कोळ्यांच्या झोपड्यांची एक लांबच लांब रांग, एवढेच काय ते. गावोगाव फिरणारा एक भिक्षू एकदा होडीतून तिथे उतरला आणि उंडीच्या झाडाखाली राहू लागला.

त्याचे नियम साधे होते. सकाळी भिक्षा मागायची, पात्र भरले की परत फिरायचे आणि सूर्य माथ्यावरून कलला की अन्नाला शिवायचे नाही. कित्येक वर्षांत त्याने हे नियम मोडले नव्हते. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

बेटावरची माणसे सढळ हाताची. पहिल्या चार-पाच झोपड्यांतच पात्र भरे. रांगेच्या टोकापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

एके दिवशी ऊन कलल्यावर टोकाच्या झोपडीतली तरुण कोळीण त्याच्याकडे आली. कडेवर तान्हे मूल, हातात केळीच्या पानाने झाकलेला भात आणि नीरफणसाची भाजी.

"महाराज, दोन घास घेता का?"

"बाई, दुपार कलली. आता मी जेवत नाही."

"बरं. मग उद्या तरी आमच्या टोकापर्यंत या." ती वळली आणि भोवळ येऊन झाडाच्या बुंध्याला टेकली.

जवळच एक म्हातारी काथ्या वळत बसली होती. "आजही जेवली नाहीस ना गं?"

"कशी जेवू, मावशी? पाहुणा कुठे जेवलाय?"

भिक्षूला काही कळेना. म्हातारीने काथ्या बाजूला टाकला.

"हिचा नवरा वादळात सापडलाय, अजून परतला नाही. आमच्याकडे रीत आहे, महाराज. दर्यावरचा माणूस लांबला, की घरच्या बाईने आधी एका परक्याला जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. इथे आपण परक्याला वाढलं, की तिकडे कुणीतरी आपल्या माणसाला वाढतं. बेटावर परके तुम्ही एकटे! काल ही दिवसभर दारात बसून होती, आणि तुम्ही चार-पाच घरांवरूनच माघारी!"

"पण माझा नियम..."

"पाळा की! नियम तुमचा, उपास हिला. पुण्य बरं स्वस्तात पडतंय!"

"मावशी, महाराजांना असं बोलू नये," तरुणी पुटपुटली. मूल रडू लागले. तिने त्याला छातीशी धरले, पण त्याचे रडे थांबेना. अंगावर दूधच नव्हते.

भिक्षूने एकदा कललेल्या सूर्याकडे पाहिले. मग त्याने पान उघडले. पहिला घास घेतला. मग दुसरा.

"भाजी छान झाली आहे," तो म्हणाला. "आता तुम्ही जेवा."

ती तिथेच बसून जेवली. पानावर शीतही उरले नाही.

दुसऱ्या दिवसापासून भिक्षू भिक्षेची सुरुवात टोकाच्या झोपडीपासून करू लागला.

काही दिवसांनी फाटक्या शिडाची एक होडी किनाऱ्याला लागली. तरुणीचा नवरा उतरला. मुलाला उचलून घेत तो म्हणाला, "वादळाने लांबच्या एका बेटावर नेऊन टाकलं. तिथे एक म्हातारी भात घेऊन पुढ्यात बसली. भीतीने माझी भूक मेली होती. पण तिचा मुलगा दर्यावर होता, आणि मी जेवेपर्यंत ती उपाशी. मग जेवलो."

भिक्षू ऐकत होता. त्या दुपारी आपण नियम मोडला की पाळला, हे त्याला कधीच नीट ठरवता आले नाही. मात्र पुढे प्रत्येक गावात पहिली भिक्षा त्याने शेवटच्या घरी मागितली.

तात्पर्य: आपल्या नियमाची भूक दुसऱ्याच्या पोटाला तर सोसावी लागत नाही ना, हे आधी पाहावे.