तिसरा पत्ता

"तिसऱ्यांदा काढला तर चालेल का, आक्का?"

आक्का डाळीसाठी कैरी किसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी दोनदा काय आलं?"

"एकदा तो पाठमोरा माणूस. सांडलेल्या पेल्यांकडे बघत उभा असलेला… आणि पुन्हा काढला तर पुन्हा तोच."

"मग तिसऱ्यांदा बोलावलंस तर तो तरी काय नवीन सांगणार?"

हेमांगीला हसू आलं नाही.

भोरच्या पुढे डोंगराच्या कुशीत आक्कांची मठी आहे. मठी म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि एक म्हातारं सावरीचं झाड. फार वर्षांपूर्वी कुणी परदेशी बाई तिथे पावसाळाभर राहिली आणि जाताना टॅरोच्या चित्रपत्त्यांचा कॅट ठेवून गेली. तेव्हापासून मठीचा रिवाज पडला आहे. चैत्र लागला की येणाऱ्याने डोळे मिटून एक पत्ता काढायचा, दिवसभर त्याच्याशेजारी बसायचं, आणि वर्षात नवं काय सुरू करायचं ते आपलं आपण ठरवायचं. पत्ता चैत्रात एकदाच काढायचा, एवढाच नियम.

हेमांगीने तो मोडला होता, आणि तोही सकाळी सकाळी.

तशी ती मठीतली सगळ्यांत हुशार शिष्या. अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचे अर्थ तिला तोंडपाठ होते, सुलटे आणि उलटे. आक्कांचं सगळंच अघळपघळ. सिंहासनावरच्या बादशहाला त्या 'पाटील' म्हणत, आणि चांदण्याखाली घडे रिते करणाऱ्या बाईला 'पाणीवाली'. हेमांगी नावं सुधारून देई. आक्का "बरं हो" म्हणत आणि पुढच्या वेळी पुन्हा पाटीलच म्हणत.

"एवढी घाई कसली?" आक्कांनी विचारलं.

"दुपारी गावातल्या बायका येतील. चैत्रगौरीच्या झोपाळ्यापुढे मी गावं असं त्यांचं म्हणणं आहे. सरूबाई पेटी घेऊन येणार आहेत… मी अजून हो म्हटलेलं नाही."

आक्कांनी किसणी खाली ठेवली.

चार वर्षांपूर्वी हेमांगीच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली आणि आवाजही खाली गेला. सातारा-कोल्हापूरच्या मंडपांतून लोक जो आवाज उभं राहून ऐकत, तो परत आला नाही. तेव्हापासून ती कुणासमोर गायलेली नव्हती.

"सकाळी रियाजाला बसतेस ना?"

"बसते."

"कुठल्या सुरावर?"

"काळी पाच. पेटीवर माझी पट्टी तीच आहे."

"लागते?"

"नाही."

"मग?"

"मग उठते."

सावरीची बोंडं उकलायला लागली होती. वारा नसताना कापूस हवेत तरंगत होता, अगदी सावकाश, जणू खाली यायचं की नाही हे त्याचंही ठरत नव्हतं. ओट्यावरचं ऊन पातळ होतं. दूर कुठेतरी कोकीळ ओरडत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

आक्कांनी घोंगडी अंथरली. कॅट घेतला आणि एकेक पत्ता मांडायला लागल्या. सगळे चित्र वर करून. घोंगडी भरून गेली. राजे, राण्या, तलवारी, घोड्यावरचा सांगाडा, कड्याच्या टोकावर पाय उचललेला तो वेडा पोरगा. कापसाचे दोन-तीन पुंजके त्यांच्यावर येऊन बसले.

"घे तिसरा," आक्का म्हणाल्या. "हवा तो घे."

हेमांगीने हात पुढे केला. कड्यावरच्या पोराशी नेला, मागे घेतला. पाणीवालीशी नेला. तिथेही टेकवला नाही. तिने तो परत मांडीवर ठेवला.

"असा बघून घेतला तर त्याला काय अर्थ, आक्का? तो मी निवडलेला होईल."

"आणि न बघता काढलास तो कुणी काढला होता?"

…

हेमांगीने घोंगडीवरचा कापसाचा एक पुंजका उचलला. तिकडे कैरीच्या किसाला पाणी सुटलं होतं.

"मला माझा पहिला आवाज हवाय," ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही. "दुसरं काही सुरू करायचं नाही मला. तोच हवाय. त्याचा पत्ता यात आहे का?"

"नाही."

असं सरळ 'नाही' तिला चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, बघू. गाण्याचे गुरुजी म्हणाले होते, येईल. घरचे म्हणत, किती सुधारलाय आता. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्याबरोबर खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखंही झालं.

"मग मी इतके दिवस यांत काय शोधते आहे?"

आक्कांनी पत्ते गोळा करायला घेतले. पायवाटेवरून बायकांचा आवाज यायला लागला होता.

बायका आल्या. हळदीकुंकू झालं. ओले हरभरे आणि पन्हं फिरलं. लाकडी झोपाळ्यात बसवलेली गौर मोगऱ्याच्या माळांनी झाकून गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोघी बसल्या आणि तिला झुलवायला लागल्या. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या.

सरूबाईंनी पेटी पुढे ओढली. "हेमाताई, तुमची पट्टी ठाऊक आहे मला. साताऱ्याला ऐकलंय मी तुम्हाला." त्यांनी भाता हलवला आणि काळी पाच धरली.

हेमांगीला 'मी गाणार नाही' म्हणायचं होतं. ते शब्द ओठांवर आलेही होते. पण सूर चालू होता आणि बायका वाट बघत होत्या.

तिने आवाज लावला. आवाज अर्ध्यावर चढला आणि फाटला.

बायकांनी माना खाली घातल्या. एकीने उगीचच पदर सारखा केला. झोपाळा झुलवणाऱ्या दोघींचेही हात थांबले.

हेमांगीने आक्कांकडे पाहिलं. आक्का गौरीकडे बघत होत्या आणि काही मदत करायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

हेमांगीने डोळे मिटले. घशात जे होतं तेवढंच तिने बाहेर येऊ दिलं. खालचा, जाडसर, किंचित खरखरीत सूर. तो गळ्यातून निघाला आणि टिकला. तिला स्वतःलाच तो अनोळखी वाटला, पण तो थरथरत नव्हता.

सरूबाईंची बोटं पट्ट्यांवरून खाली सरकायला लागली. पांढरी पाच… काळी तीन… पांढरी चार. त्या थांबल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. सूर तसाच चालू होता.

"आक्का," सरूबाई हळूच म्हणाल्या, "हा दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी आहे. मी काय धरू?"

आक्कांनी झोपाळ्याची दोरी हातात घेतली.

"पेटी मिटव, बाई. आपण हिच्या मागं म्हणू."