चवीपुरता गूळ

त्या रानात प्रत्येकाचं काही ना काही दुखत असे, आणि औषध कडूच असायचं हे सगळ्यांना मान्य होतं.

टेकडीच्या पायथ्याशी भुरा नावाचा मुंगूस राहत होता. त्याच्या बायकोला, साजीला, अर्धशिशी होती. दुखणं उठलं की तिचा डावा डोळा मिटून जाई आणि ती बिळाच्या भिंतीला डोकं लावून बसे. भुऱ्याने तिच्यासाठी टेकडीवरचा पाला आणि ओढ्याकाठची तांबडी बी मोहाच्या दारूत मुरवली. काळपट काढा निघाला. पान आणि बी, म्हणून त्याने त्या काढ्याला पानबी म्हटलं.

साजीने पहिला घोट थुंकलाच. "अहो, याच्यापेक्षा दुखणं बरं!"

"दुखणं गोड असतं का गं? मग औषध कुठून गोड असेल?" असं म्हणत भुऱ्याने गुळाचा एवढासा खडा त्यात टाकला. ती प्यायली. घटकाभरात तिचा डोळा उघडला.

पुढे भुऱ्याचे गुडघे कुरकुरू लागले. टेकडी चढवेना. तेव्हा अस्वलशेठ दारात आले.

"कृती मला द्या, भुरोबा. मी रानभर पाजीन. साजीवहिनी आहेत तोवर दर पंधरवड्याला एक बुधला तुमच्या दारात येईल. शब्द देतो."

भुऱ्याने बोटांवर मोजत कृती सांगितली. पाला तीन मुठी, बी दोन मुठी, मोहाची वाटीभर, गूळ चवीपुरता.

कुणाच्या चवीपुरता, हे शेठनी विचारलं नाही. भुऱ्याच्या घरात चव एकच होती, साजीची, त्यामुळे त्यालाही सांगायचं सुचलं नाही.

अस्वलाची जीभ मधावर वाढलेली. पहिल्याच रांजणात दोन ढेपा गेल्या. ज्यांचं दुखत होतं ते आले, आणि ज्यांचं काहीच दुखत नव्हतं तेही आले. मग बगळ्यांच्या पंचायतीने मोहाला बंदी केली. शेठनी मोह काढला आणि रिकाम्या जागी गूळ घातला. गर्दी वाढली. पुढे पाल्याने झोप उडते अशी तक्रार झाली, तेव्हा पंचांनी पाल्याच्या अर्कालाही बंदी केली. पण नावात पान होतं. म्हणून शेठ पाला आधी उकळून घेत, ते पाणी ओढ्यात ओतत आणि धुतलेला चोथा तेवढा रांजणात टाकत. उरलेल्या जागी पुन्हा गूळ. गर्दी आणखी वाढली. कृती आता वडाच्या ढोलीत असे, आणि ढोलीवर दोन नाग.

शेठ शब्दाचे पक्के होते. बुधला एकदाही चुकला नाही.

"छान गोड आहे हो," साजी म्हणे आणि भिंतीकडे सरके. भुऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ती दुसरा पेलाही घेई. डोळा मिटलेलाच राही. एकदा दुखणं उठलं ते तीन दिवस उतरलं नाही. चौथ्या दिवशी तिने पेला ओठाला लावला नाही, आणि छानही म्हटलं नाही.

भुरा टेकडी चढला. दहा पावलं चालायचं, की बसायचं. सकाळी निघालेला दुपार कलताना परतला, मूठभर पाला आणि ओढ्याकाठची थोडी बी घेऊन. त्याने काढा उकळला, फडक्यातून गाळला. कडू वास रानात पसरला, तसा शेठचा पारखी कोल्हा पंधरवड्याचा बुधला घेऊन दारात उभा राहिला.

"काय शिजतंय, म्हाताऱ्या?"

"पानबी."

कोल्ह्याने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "ही खोटी आहे. खरी मी रोज चाखतो."

"अरे, पण मीच तर..."

"सगळे असंच म्हणतात, बाबा. वय झालं तुमचं, जिभेची चव गेली." कोल्ह्याने मडकं उचलून दारातच उपडं केलं, खरा बुधला उंबऱ्यावर नीट ठेवला आणि तो निघून गेला.

भुऱ्याच्या हातात गाळणीचं फडकं तेवढं राहिलं होतं, चोथ्यासकट, अजून कोमट. तो आत गेला. त्याने ते साजीच्या कपाळाभोवती बांधलं, डाव्या बाजूला जरा घट्ट. कडू पाणी ओघळून तिच्या ओठांवर आलं. तिने ते चाटलं आणि थुंकलं नाही.

उंबऱ्यावरच्या बुधल्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची रांग ओल्या मातीला लांबून वळसा घालून चालली होती, आणि साजी डावा डोळा किलकिला करून ती रांग बघत होती.