भुईचाफ्याचा रिकामा वाफा

एका आश्रमात एकदा असे घडले, की पाडव्याच्या पूजेला भुईचाफ्याचे एकही फूल मिळाले नाही.

भुईचाफ्याची रीत जगावेगळी. चैत्राच्या तोंडावर उघड्या, कोरड्या मातीतून नुसती फुलेच वर येतात. पानांचा मागमूसही नसतो. पाने येतात ती नंतर, पावसाळ्यात. त्या आश्रमात वर्षाची पहिली पूजा याच फुलांनी होई, आणि ज्याच्या हातून वाफा बिघडेल त्याने त्या दिवशी देवघराच्या उंबरठ्याबाहेर बसावे, असा तिथला दंडक होता.

वाफ्याची देखभाल एका हुशार शिष्याकडे होती. श्रावणात एक धनिक व्यापारी दर्शनाला येणार, म्हणून त्याने किडीने चाळण केलेली ती रुंद पाने विळ्याने मातीलगत कापून टाकली. फुले पानांवाचून येतात, मग पानांचे काम काय, असा त्याचा तर्क. हुशार माणसाला तर्क लवकर सुचतो. व्यापाऱ्याने स्वच्छ बागेची तोंड भरून स्तुती केली आणि शिष्याला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

चैत्र आला, फूल आले नाही. आचार्यांनी विचारताच शिष्याला आपला विळा आठवला. पण तोंडातून निघाले भलतेच. "आपले पाणक्याबाबा हिवाळाभर वाफ्यात पाणी ओतत असणार, आचार्य. कंद कुजले."

म्हातारा पाणक्या तिथेच कावड टेकवून उभा होता. "म्या तर तिकडं थेंब सांडला न्हाई," असे तो पुटपुटला, पण त्याची बाजू कुणी घेतली नाही. थोड्या वेळाने तो आपण होऊन उंबरठ्याबाहेर जाऊन बसला.

आचार्यांनी वाफा उकरून एक कंद काढला, बोटांनी दाबून पाहिला आणि परत मातीत ठेवला. पूजेच्या वेळी त्यांनी निरांजन शिष्याच्या हाती दिले, आणि स्वतः बाहेर जाऊन उन्हात पाणक्याशेजारी बसले.

आतली मंडळी चकित झाली. शिष्याला आरती म्हणवेना. निरांजन खाली ठेवून तो बाहेर आला. "आचार्य, आपण का बाहेर बसलात?"

आचार्य म्हणाले, "कुजलेला कंद बोटाखाली दबतो. हा उपाशी राहून आकसला आहे. पावसाळ्यात पाने जे कमावतात, त्यावर चैत्रातले फूल येते. पाने कापू नयेत हे मी तुला शिकवायला हवे होते, शिकवले नाही. म्हणून बाहेर बसलो. अज्ञानाचा दोष गुरूकडेच येतो, बाळ. पण तू बाबांचे नाव घेतलेस. ते काही मी शिकवले नव्हते."

शिष्याला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. "पाने मीच कापली," तो कसाबसा म्हणाला, "आणि बाबांचे नाव घेतले तेव्हा त्यांचा काही दोष नाही हे मला पक्के ठाऊक होते." तो तिथेच पायरीवर बसला.

आचार्य उठले आणि पाणक्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेले. आरती झाली. शिष्याने ती बाहेरूनच ऐकली.

प्रसाद घेऊन सर्वांत आधी बाहेर आला तो पाणक्या. "घ्या," तो म्हणाला, "सकाळपास्नं उपाशी असाल."

शिष्याने ओंजळ पुढे केली. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य मात्र त्याला झाले नाही.