साळूआईची मातीची बाई

फार वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावरच्या मळवंडी गावात साळूआई नावाची कुंभारीण राहायची. मडकी घडवायची आणि गावातली बाळंतपणंही तीच करायची. तिचा हात लागला की माती उबदार व्हायची, असं म्हणतात.

त्या काळी गावाची एक समजूत होती. बाईनं खाल्लेली भाकरी आणि तिचं बाळ एकाच पिशवीत राहतात. म्हणून सातवा महिना लागला की गर्भारणीला मोजकेच घास मिळायचे. जास्त खाल्लं तर भाकरी बाळाच्या नाकातोंडात जाते म्हणे. आता तुम्हाला हसू येतं, पण तेव्हा पोटात डोकावून कुणी पाहिलं होतं?

भिकूबाईची सून ठकी अशीच सातव्यात होती. भिकूबाईचा तिच्यावर भारी जीव, आणि जीव होता म्हणूनच ती भाकरीची दुरडी शिंक्याला उंच टांगायची. तिची स्वतःची दोन बाळं जन्मताच गेली होती. आपण चोरून एखादा घास जास्त खाल्ला, त्यानंच ती गेली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकून पीत होती.

एके सकाळी ठकी पाणवठ्यावर भोवळ येऊन पडली. साळूआईनं तिच्या पोटावर हात ठेवला. बाळ हलत होतं, पण फार हळू.

"भिकू, पोरीला जेवू घाल," साळूआई धावत आलेल्या भिकूबाईला म्हणाली.

"अन् लेकरू गुदमरलं म्हंजी?"

साळूआई वाद घालत बसली नाही. सरळ चाकाशी गेली. त्या दिवशी काठीनं न फिरवताच चाक फिरलं, असं म्हणतात. तिनं मातीची बाई घडवली, पुढून उघडी. वर अन्नाची पिशवी. खाली ओटीपोटात बाळाची पिशवी, तिच्यापुढे लघवीची आणि मागे आतडं. तिन्हींच्या वाटाही तिनं वेगवेगळ्या केल्या, तेव्हा मागोमाग आलेल्या बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघत राहिल्या. निम्म्याजणींना आजवर दोनच वाटा ठाऊक होत्या.

मग साळूआईनं वरच्या पिशवीत पेज ओतली. भिकूबाईनं भीतभीत बाळाच्या पिशवीत बोटं घातली. आत कोरडं होतं. आणि तिच्या बोटांना एक हलकीशी लाथ लागली, असं म्हणतात.

"मग लेकरू खातंय काय?"

"नाळंतनं आईच्या रगतातलं घेतंय. आई उपाशी, तर त्ये बी उपाशी."

भिकूबाई मटकन खाली बसली. "म्हंजी माजी दोन भुकेनं गेली व्हय गं?"

साळूआईनं मातीनं माखलेल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. "तुला कुनी दावलंच नव्हतं, बये," ती म्हणाली, आणि दोघी पुष्कळ वेळ रडल्या.

मग भिकूबाई उठली आणि घरी जाऊन तिनं शिंक्याची दुरडी खाली काढली. पुढे ठकीला मुलगी झाली. तिच्या पहिल्या रडण्यानं नदीपलीकडची गुरं उठून उभी राहिली, असं म्हणतात.

आजही मळवंडीत कुणाला सातवा लागला की साळूआईच्या नावानं पंगत बसते. जाणत्या बायका मातीची बाई मांडून पोरींना सगळ्या पिशव्या, सगळ्या वाटा दाखवतात. मग गर्भारणीला पोटभर वाढतात. पण पहिला घास सून सासूला भरवते, कारण भिकूबाईला तिच्या गर्भारपणात कुणी भरवला नव्हता.