कोतवालाला गाणे हवे होते

पूर्वी वाराणसीवर एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गंगेपलीकडच्या सालवनात सांबराच्या जन्माला आले होते. त्यांची एका कोतवाल पक्ष्याशी गट्टी होती. हा काळा, लांब शेपटीचा पक्षी वनातल्या कुणाचाही आवाज हुबेहूब काढी. पण नकलांचा त्यालाच एकदा कंटाळा आला आणि आपले स्वतःचे गाणे हवे, हे वेड त्याच्या डोक्यात शिरले.

“गाणं सुचतं तरी कुठून, दादा?” त्याने विचारले.

“मलाही ठाऊक नाही. चल, शोधू,” बोधिसत्त्व म्हणाले.

दोघे हिंडू लागले. कोतवाल सांबराच्या शिंगांवर बसून कान लावी. वेळूच्या बेटात त्याला करकर मिळाली, ओढ्यात खळखळ. रोज काहीतरी नवे सापडे आणि गाऊन पाहिले की कळे, ही तर नक्कलच झाली. बिचारा पार हिरमुसून जाई.

एका सकाळी त्याने ससाण्याची किंचाळी जरा लांबवून पाहिली. ती नवी वाटली म्हणून जोरात मारली. खाली उंबराजवळच्या वारुळापाशी एक तितरी आपल्या पाच पिल्लांना वाळवी भरवत होती. पिल्ले घाबरून पांगली. चार परत आली, पाचवे येईना. तेवढ्यात उंच गवताच्या टोकाला वास घेत येणारे मुंगूस दिसले. बोधिसत्त्वांनी पाय उचलला आणि तसाच मागे घेतला, कारण गवतात शिरावे तर पिल्लू खुराखाली यायचे.

तितरीने हाकांवर हाका मारल्या. गवत हलेना.

“ते ओ देणार नाही,” ती रडत कोतवालाला म्हणाली. “मीच शिकवलंय, मी दिसल्याशिवाय माझ्या हाकेला यायचं नाही. माझ्या आवाजात पोरांना लांब बोलावून वाळवी कोण खातं रे?”

कोतवालाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बोधिसत्त्व त्याच्याकडे पाहून म्हणाले, “तुझा स्वतःचा आवाज त्या पिल्लानं कधी ऐकला नाही. मीही नाही. कसा आहे तो?”

कोतवालाने चोच उघडली. आवाज घोगरा निघाला, जेमतेम दोन सुरांचा. त्याला लाज वाटली, तरी तो थांबला नाही.

“बाळा, मी कोतवाल. मघाचा ससाणा मीच होतो. आईच्या आवाजात फसवायचो, तोही मीच. मागून मुंगूस येतंय. आई उंबराखाली आहे, पळ.”

गवतातून बारीकसे उत्तर आले, “हा कुणाचा आवाज काढलास?”

“कुणाचा नाही रे. माझाच आहे.”

पिल्लू धावत सुटले आणि आईच्या पंखाखाली शिरले. मुंगूस हात हलवत परत गेले. बोधिसत्त्व मान वर करून उभेच होते. “आणखी थोडं म्हण की,” ते म्हणाले.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, “दुसऱ्यांच्या गाथा आपल्या म्हणून ऐकवणारा आणि आज सभेत ते कबूल करणारा उत्पलक तेव्हा कोतवाल होता. उपासिका सुलसा तितरी होती. ‘ही गाथा कुणाची?’ असे आज उत्पलकाला विचारणारे वृद्ध धनुक ते पिल्लू होते, आणि सांबर मी होतो. कोतवालाने गाणे शोधायचे सोडून खरे सांगितले, तेव्हा त्याला कंठ फुटला. ही सत्यपारमिता.”